आधीं थांबणें, मग धांवणें

आमच्या सोनपेठांत कोणाच्या दारीं नवी मोटार आली, कीं मुलें प्रथम विचारतात, “ही किती जोरानें धांवेल?” केवळ जोरानें धांवण्याकरितांच बनविलेल्या मोटारीविषयीं आज आम्ही दोन शब्द सांगतों.

ड्रॅग शर्यतींत वळण नसतें. दोन गाड्या शेजारीं उभ्या राहतात. पिवळ्या दिव्यांमागून हिरवा लागतांच सुटतात आणि बहुधा पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, सरळ धांवतात. आपल्या प्रांतांत लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धांवपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

अशी गाडी नव्यानें घेणारा शहाणा चालक एकदम पूर्ण वेग घेत नाहीं. प्रथम तो डोळे मिटून प्रत्येक कळ हातानें ओळखावयास शिकतो. मग नुसतें सुटणें, मग अर्धें अंतर आणि शेवटीं पूर्ण अंतर.

याचें कारण गणितांत आहे. वेग दुप्पट झाला, कीं ब्रेक लावल्यावर थांबण्यास चौपट अंतर लागतें. म्हणूनच अतिवेगवान गाड्यांस मागें पॅराशूट लावितात. अमेरिकेंत २००८ सालीं स्कॉट कॅलिटा हे निष्णात चालक अपघातांत मरण पावले. त्यानंतर लवकरच तेथील सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत १००० फुटांवर आणिली गेली, म्हणजे थांबण्यास अधिक जागा मिळाली.

आपल्या परळीच्या रस्त्यावर तर बैलगाड्या, शेरडें आणि शाळेंतून परतणारीं लेंकरें असतात. तेव्हां पालकहो, सज्ञान मुलाच्या हातीं किल्ली देतांना प्रथम ब्रेक शिकवावा. वेग मागाहून येईलच.