घरात गॅस आला, आता त्याची माहितीही येऊ द्या

2009 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची दहा बाय बाराची खोली. पहाटे पाचला नळाला पाणी यायचे, म्हणून मी उठलो आणि अंधारात सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. तेवढ्यात अंथरुणातून आई ओरडली, ''बटण दाबू नको! वास येतोय.'' तिने आधी दार सताड उघडले, मग चाचपडत जाऊन रेग्युलेटर बंद केला. आम्ही मुलांना उचलून बाहेर ओट्यावर आणले. अर्ध्या तासाने, वास गेल्यावर, आत गेलो.

उजाडल्यावर पाहिले तर शेगडीच्या तोंडाशी हिरवी रबरी नळी चिरलेली. रात्री रेग्युलेटर बंद करायचा राहिला होता. गॅस रात्रभर थोडा थोडा झिरपत होता. मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, ''नळी कधी बदलली होती?'' घरातल्या एकालाही उत्तर देता आले नाही. नळी रस्त्यावरच्या हातगाडीवरून घेतली होती, एवढेच आठवत होते. मी कचेरीत कारकून. दोनशे माणसांच्या फायली, कोणाची वेतनवाढ कोणत्या तारखेला हे मला तोंडपाठ. पण ज्या नळीवर माझ्या घरातल्या पाच जणांचा जीव टांगला होता, तिची तारीख मला ठाऊक नव्हती. त्या दिवशी वाटलेली शरम अजून गेलेली नाही. म्हणून हा लेख.

आपल्या आया-आज्यांनी चुलीचा धूर खाल्ला. पुढे रॉकेलचे स्टोव्ह आले. पिन मारता मारता हात काळे झाले, आणि 'स्टोव्हचा भडका' या दोन शब्दांखाली कितीतरी सुना जळाल्या. त्यात काही अपघात होते आणि काही अपघात नव्हते. मुंबईत 1955 साली बर्मा शेल कंपनीने घरगुती गॅस विकायला सुरुवात केली, पण कामगार वस्तीत तो पोचायला कित्येक दशके गेली. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतल्या स्त्रियांच्या नावावर कनेक्शने मिळू लागली. ही चांगली गोष्ट झाली. मात्र गॅस घरात आला, तरी त्याची माहिती बहुतेक घरांत आली नाही.

शेगडी घेताना

पहिली गोष्ट हक्काची. नवे कनेक्शन देताना 'शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल' असे एखादी एजन्सी सांगते. तसे बंधन नाही. आयएसआय शिक्का असलेली शेगडी आपण कोठूनही घेऊ शकतो. रेग्युलेटर मात्र एजन्सीकडूनच घ्यावा, बाजारातला कधीही नको.

चमक पाहून शेगडी घेऊ नये. घरातले सर्वांत मोठे पातेले डोळ्यांसमोर आणावे आणि ते एका बर्नरवर ठेवल्यावर दुसऱ्यावर तवा बसेल का ते पाहावे. चार-पाच माणसांच्या घराला एक मोठा आणि एक लहान अशा दोन बर्नरची शेगडी पुरते. काचेची शेगडी दिसायला छान. पण तापलेल्या काचेवर गार पाणी सांडले किंवा जड भांडे आपटले तर ती तडकू शकते. जिथे भांडी भराभर चढतात-उतरतात, तिथे स्टीलची शेगडी बरी. बर्नर पितळी असावा. तो जड असतो आणि जास्त टिकतो. आयएसआय प्रमाणानुसार शेगडीने गॅसच्या उष्णतेपैकी किमान 68 टक्के भांड्याला दिली पाहिजे. काही शेगड्यांवर फ्रिजसारखे ताऱ्यांचे लेबल असते. तारे जितके जास्त, तितका गॅस कमी जळतो.

जागा आणि जोडणी

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. रॉकेलचा धूर वर जातो, हा गॅस मात्र गळला की जमिनीवर पसरतो, कोपऱ्यात आणि पलंगाखाली साचतो. हवेत तो जेमतेम दोन टक्के मिसळला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. ही एक गोष्ट समजली की बाकीचे नियम आपोआप समजतात.

सिलिंडर जमिनीवर, नेहमी उभा ठेवावा. शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर असावी. अनेक घरांत शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर शेजारी असतो. ते धोक्याचे आहे. ओटा नसेल तर लोखंडी पायांवर कडाप्पा टाकून पक्की बैठक करावी. ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर असेल तर दाराला खाली भोके हवीत. शेगडीमागे पडदा, वर प्लास्टिकची मांडणी, शेजारी फ्रिज नको. फ्रिज आपोआप चालू-बंद होताना ठिणगी पडते. वाऱ्याने विस्तव विझेल अशा खिडकीसमोरही शेगडी नको. विस्तव विझला तरी गॅस येतच राहतो.

आपल्या एका खोलीच्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमाही तिथेच असते. वंदनेची मेणबत्ती आणि अगरबत्ती सिलिंडरच्या विरुद्ध भिंतीला, उंचावर लावावी, आणि घराबाहेर पडताना किंवा झोपताना ती पेटती ठेवू नये.

नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. आत तारेची जाळी असलेली 'सुरक्षा' नळीच घ्यावी. तिला उंदीर सहज कुरतडू शकत नाहीत. नळीवर छापलेले वर्ष वाचावे आणि पाच वर्षांनी, ती चांगली दिसत असली तरी, बदलावी. नळी बर्नरच्या मागून नेऊ नये. तिच्यावर कापडी किंवा प्लास्टिकचे आवरण चढवू नये. आवरणाखालची चीर दिसत नाही.

सिलिंडर दारात आला की

चार मजले चढून तीस किलोचे ओझे आणणारा माणूस आपल्यासारखाच कष्टकरी आहे. त्याला आधी पाणी द्यावे, आणि मग शांतपणे चार गोष्टी पाहाव्यात.

सील शाबूत आहे का? वजन बरोबर आहे का? आत 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावर लिहिलेले असते. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. काटा मागणे हा आपला हक्क आहे. तिसरे, सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला इंग्रजी ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि पुढे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सी 28 असेल तर 2028 च्या सप्टेंबरअखेर त्या सिलिंडरची चाचणी व्हायलाच हवी. मुदत उलटलेला सिलिंडर सरळ परत करावा. चौथे, टोपी काढून वाल्वमधले रबरी वायसर आहे का, तुटलेले तर नाही ना, आणि गळती नाही ना, हे त्याच्याकडूनच तपासून घ्यावे. टोपी दोरीसकट सिलिंडरलाच राहू द्यावी, पुढे ती जीव वाचवते.

सिलिंडर घरपोच देण्याचा खर्च पावतीतल्या किमतीत धरलेला असतो. वर पैसे देण्याचे बंधन नाही. तक्रार करायची तर एजन्सीकडे लेखी करावी, त्या माणसाशी जिन्यात भांडू नये.

आठवड्याची निगा

सुट्टीच्या दिवशी पंधरा मिनिटे पुरतात, आणि हे काम घरातल्या पुरुषाने करावे. रोज शेगडीपुढे बाई उभी राहते. निदान आठवड्यातून एकदा आपण उभे राहिलो तर काही बिघडत नाही.

रेग्युलेटर बंद करावा. शेगडी गार झाल्यावर बर्नर काढून गरम साबणाच्या पाण्यात भिजवावेत. भोकांत दूध, वरण, पीठ अडकते. जुन्या दातब्रशने आणि बारीक टाचणीने ते काढावे. बर्नर पूर्ण कोरडे करूनच बसवावेत. बर्नरखालच्या जेटमध्ये मात्र सुई घालू नये. ते भोक मोठे झाले की गॅस जास्त जातो. बटण घट्ट झाले तर पकड लावू नये, खाण्याचे तेलही सोडू नये. मेकॅनिककडून ग्रीस लावून घ्यावे.

मग साबणाचा फेस नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरभोवती लावून रेग्युलेटर चालू करावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती पाहणारे अजूनही भेटतात. त्यांना हात जोडून थांबवावे.

विस्तव निळा आणि स्थिर असला पाहिजे. तो पिवळा झाला, भांड्याला काजळी धरली, तर बर्नर तुंबला आहे किंवा हवा नीट मिळत नाही, आणि आपले पैसे जळत आहेत. पाण्याला उकळी आली की लहान बर्नर वापरावा, झाकण ठेवावे, डाळ आधी भिजवावी. गॅस संपत आला म्हणून सिलिंडर आडवा पाडणे किंवा गरम पाण्यात ठेवणे हा अघोरी प्रकार आहे. आडव्या सिलिंडरातून पातळ गॅस थेट रेग्युलेटरमध्ये येतो.

रोजचे नियम तीनच. आधी काडी पेटवावी, मग बटण फिरवावे. नायलॉनची साडी किंवा मोकळी ओढणी घेऊन शेगडीजवळ जाऊ नये. आणि रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करावा.

वास आला तर

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वास आला की दिव्याचे, पंख्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. दोन्ही वेळी ठिणगी पडते. मोबाइल हातात घेऊ नये. मेणबत्ती, अगरबत्ती विझवावी. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसे बाहेर काढावीत. तरी वास थांबला नाही तर रेग्युलेटर काढून वाल्ववर ती टोपी घट्ट बसवावी आणि सिलिंडर मोकळ्या जागेत न्यावा. बाहेर आल्यावर 1906 ला फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास चालतो. आग असेल तर 101.

कोणी भाजले तर हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. वीस मिनिटे नळाच्या साध्या गार पाण्याखाली धरावे आणि दवाखाना गाठावा.

ज्यांना पुनर्वसनाच्या इमारतीत पाइपचा गॅस मिळाला आहे, त्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तो गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो, म्हणून वरचा झरोका बंद करू नये. जुन्या शेगडीचे जेटही बदलून घ्यावे लागतात.

कागद जपा

आमच्या चाळीत एकदा दुपारच्या वेळी दोघे जण 'गॅस कंपनीकडून तपासणीला आलोय' म्हणून शिरले आणि आठ घरांत दामदुप्पट भावाने नळ्या विकून गेले. ओळखपत्र कोणीच मागितले नाही. वितरकाकडून दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची असते हे खरे. पण आलेल्या माणसाला दाराबाहेर थांबवून आधी एजन्सीला फोन करावा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो. ग्राहकाला वेगळा हप्ता नसतो. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख रुपये, उपचारासाठी माणशी जास्तीत जास्त 2 लाख आणि नोंदलेल्या पत्त्यावरील घराच्या नुकसानीसाठी 2 लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. 'नोंदलेल्या पत्त्यावरील' हे शब्द पुन्हा वाचा. आपल्याकडे कनेक्शन वारलेल्या वडिलांच्या नावावर, पत्ता जुन्या झोपडीचा, आणि सिलिंडर ओळखीतून 'वरचे पैसे' देऊन आणलेला! दुर्दैवाने काही घडले तर कोणत्या कागदावर भांडणार? म्हणून कनेक्शन घरातल्या हयात माणसाच्या, शक्यतो बाईच्या, नावावर करून घ्या. पत्ता बदला. पावत्या आणि गॅसचे पुस्तक एका पिशवीत ठेवा. अपघात झालाच तर एजन्सीला ताबडतोब लेखी कळवून पोच घ्या, आणि पोलिसांचे व दवाखान्याचे कागद सांभाळा.

आमच्या घरी आता सिलिंडरमागच्या भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर तीन ओळी आहेत: नळी कधी बसवली, नळी कधी बदलायची, आणि 1906. आई आता नाही. पुठ्ठ्यावरच्या तारखा माझी मुलगी लिहिते. हा अंक वाचून झाला की उठा आणि आपल्या नळीवरचे वर्ष वाचा. वर्ष दिसलेच नाही, तर ती नळी उद्याच बदला.