पहिला आणि शेवटचा मैल
घरपोच वाहतुकीत सायकल नवी नाही. मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये जेवणाच्या डब्यांची सेवा सुरू केली. लांबचा प्रवास लोकलच्या लगेज डब्यातून, पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी हे दोन टप्पे बहुतेक सायकलचेच. हँडलला, कॅरिअरला लटकवलेले तीसेक डबे घेऊन गल्लीबोळांतून, दारोदारी थांबत जायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. इंधनही लागत नाही.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत पाव, पेपर आणि गॅसही सायकलवरून येत आला आहे. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, टाकीसह वजन तीसच्या घरात! हे ओझं ओढणाऱ्यांसाठी स्टेशनलगत राखीव सायकल तळ हवाच.