निळ्या चकतीचं लाल भावंड

बीएमडब्ल्यूच्या निळ्या-पांढऱ्या चकतीत विमानाचा फिरता पंखा आहे, ही गोष्ट गाड्यांचा शौक असलेल्या प्रत्येकाच्या कानावर आलेली असते. मला कारखान्यांच्या बोधचिन्हांचा नाद लागला तो याच गोष्टीपायी, आणि तो अजून सुटलेला नाही.

गोष्ट मात्र खरी नाही. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या म्युनिकच्या राप कारखान्याचं नाव जुलै १९१७ मध्ये बदलून बीएमडब्ल्यू झालं. रापचं चिन्ह होतं गोल कड्यात घोड्याचं डोकं. नव्या कंपनीने कडं ठेवलं, घोडा काढला आणि त्या जागी बव्हेरियाचा निळा-पांढरा रंग भरला. ५ ऑक्टोबर १९१७ रोजी हे चिन्ह नोंदलं गेलं. राज्याची मानचिन्हं व्यापारासाठी वापरायला कायद्याने मनाई होती, म्हणून रंगांचा क्रम उलटा केला. पंखा आला तो १९२९ च्या एका जाहिरातीतून. तिच्यात विमानाच्या फिरत्या पंख्यांवर ही चकती दाखवली होती. पुढे १९४२ मध्ये कंपनीच्याच नियतकालिकातल्या एका लेखाने त्या कल्पनेला इतिहासाचा दर्जा देऊन टाकला.

मला याहून मोलाचा वाटतो तो १९२२ चा व्यवहार. कंपनी तेव्हा रेल्वेचे ब्रेक बनवणाऱ्या क्नोर-ब्रेमझेच्या ताब्यात होती. कामिल्लो कास्तिल्योनी या व्हिएन्नाच्या भांडवलदाराने तिच्याकडून इंजिनांचा धंदा घेतला आणि त्यासोबत नाव व चिन्हही घेतलं. हे सगळं त्याने आपल्या दुसऱ्या एका विमान-कंपनीत नेलं. ती कंपनी ७ मार्च १९१६ ची, म्हणून बीएमडब्ल्यू आपला जन्म तेव्हाचा मानते. म्हणजे कंपनीच्या जन्मतारखेपेक्षा तिचं नाव आणि चिन्ह, दोन्ही धाकटी आहेत!

पुढचे फेरफार भराभर सांगून टाकतो. सोनेरी अक्षरं पांढरी झाली, १९६३ मध्ये त्यांचं वळण साधं झालं, १९९७ मध्ये चकतीला उठाव आला आणि २०२० मध्ये जाहिरातींपुरतं काळं कडं पारदर्शक झालं. यात माझं मन रमत नाही. खरी कहाणी आयसेनाखची आहे.

थुरिंगियातल्या या गावात १८९६ पासून वाहनांचा कारखाना होता. बीएमडब्ल्यूने तो १९२८ मध्ये विकत घेतला, आणि युद्धापूर्वीच्या तिच्या मोटारी बनल्या त्या इथेच. आज जिच्यासाठी संग्राहक वेडे होतात ती ३२८ सुद्धा इथलीच. १९४५ मध्ये गाव आधी अमेरिकनांच्या आणि काही महिन्यांत सोव्हिएत सैन्याच्या हाती गेलं. कारखाना सुरू झाला, जुनीच यंत्रं, जुनेच नमुने, आणि गाड्यांवर तीच निळी चकती. या गाड्या परदेशातही विकल्या जाऊ लागल्या. तिकडे म्युनिकमध्ये भांडीकुंडी बनवून दिवस काढले जात होते. तिथून पहिली मोटरसायकल निघाली ती १९४८ मध्ये, आणि मोटार तर १९५१ पर्यंत लोकांपुढे आलीच नव्हती. म्हणजे काही वर्षं जगात नव्या बीएमडब्ल्यू मोटारी मिळत होत्या त्या फक्त पूर्वेकडच्या, आणि म्युनिकचा त्यांच्यावर काडीचाही ताबा नव्हता.

म्युनिकने नावावर हक्क सांगितला. कागद त्यांच्या बाजूने होते. १९५२ मध्ये आयसेनाखच्या गाड्यांचं नाव ईएमडब्ल्यू झालं. पहिलं अक्षर बदललं आणि निळ्याच्या जागी लाल रंग आला, बाकी कडं, चार पाकळ्या, अक्षरांची मांडणी तशीच राहिली. या लालात अनेकांना साम्यवाद दिसतो. मला तो घाईचा निष्कर्ष वाटतो, कारण पांढरा आणि लाल हे थुरिंगियाच्या ध्वजाचेही रंग आहेत. बव्हेरियाच्या जागी थुरिंगिया बसवणं म्हणजे १९१७ चीच रीत पुन्हा पाळणं.

लाल चकती १९५५ पर्यंतच टिकली. मग गावावरच्या किल्ल्याचं नाव घेऊन वार्टबुर्ग आली, ती १९९१ मध्ये बंद पडली. जर्मनी एक झाल्यावर बीएमडब्ल्यूने आयसेनाखजवळ साचे बनवण्याचा कारखाना काढला.

जुन्या गाड्या दुरुस्त करून मिरवणारे काही जण ईएमडब्ल्यूचा लाल बिल्ला काढून निळा लावतात, कारण त्याला मान आणि पैसा जास्त. मला हे साफ नामंजूर आहे. आयसेनाखच्या कामगारांनी युद्धाआधी आणि युद्धानंतर त्याच हातांनी गाड्या घडवल्या. त्यांचा बिल्ला तरी त्यांच्या गाडीवर राहू द्यावा.