अपडेट मारलं आणि नाव गायब!

लॅपटॉपवर अपडेटची खिडकी उघडली की आपण डोळे झाकून ‘नंतर’ दाबतो. थर्ड इयरला असताना मी नेमकं उलटं केलं आणि तेही नको त्या वेळी.

कॉलेज फेस्टची नोंदणी माझ्याकडे होती. उबुंटू १८.०४ असलेला जुना लॅपटॉप, त्यावर पोस्टग्रेसचा डेटाबेस आणि त्यात बाराशेच्या आसपास नावं. प्रत्येकाची ओळख म्हणजे रोल नंबर. ‘१-१२’ म्हणजे शाखा एक, नंबर बारा. फेस्टला आठ दिवस असताना एका रात्री लॅपटॉप उबुंटू २०.०४ वर नेला. सकाळी सगळं सुरळीत चालू. म्हटलं, झालं काम!

दोन दिवसांनी डेस्कवर फर्स्ट इयरची एक मुलगी आली. ‘दादा, माझं नाव दिसत नाहीये. पैसे तर भरलेत मी.’ मी रोल नंबर टाकून शोधलं. नाहीच! ‘अगं, फॉर्म सबमिट झाला नसेल नीट. परत भर.’ मागे रांग होती. ती काही बोलली नाही. दीडशे रुपये पुन्हा भरले आणि गेली.

फेस्टच्या आदल्या संध्याकाळी सगळा डेटा दुसऱ्या मशीनवर हलवायला घेतला. बॅकअप निघाला, पण तिकडे चढवताना एरर आली: ‘कुड नॉट क्रिएट युनिक इंडेक्स’. म्हणजे जो रोल नंबर एकदाच असायला हवा, तो दोनदा आहे. कोणाचा? त्याच मुलीचा. आणि आणखी सहा जणांचा.

पण डेटाबेस तर एकच नंबर दोनदा घेतच नाही ना? मी घाम पुसत लॅबच्या सरांकडे धावलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘नीट चालत होतं, त्यानंतर काय बदललंस?’ ‘काहीच नाही सर.’ मग जीभ चावली. ‘म्हणजे… अपडेट सोडून.’

सरांनी मग सोपं करून सांगितलं. शाळेच्या तक्त्यावर क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी असतात. समजा, एखादा शब्दकोश त्याच क्रमाने लावलाय. पण तुम्हाला कोणीतरी शिकवलं की क्ष म्हणजे क् आणि ष, तो ‘क’च्या पानांत शोधायचा. तुम्ही ‘क’ची पानं चाळणार आणि ‘शब्दच नाही’ म्हणून मोकळे होणार. शब्द मात्र शेवटच्या पानावर बसलेला!

आमचं हेच झालं होतं. अक्षरं-आकडे कोणत्या क्रमाने लावायचे, हे पोस्टग्रेस बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतं. लिनक्समध्ये हे काम जीलिबसी नावाची लायब्ररी करते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. आधी मधली रेघ जवळपास दुर्लक्षित व्हायची, त्यामुळे ‘११-१’ आधी आणि ‘१-१२’ नंतर यायचा. नव्या नियमात उलट. इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला, शोध नव्या क्रमाने. म्हणून नाव सापडेना, आणि सापडत नाही म्हणून डेटाबेसने तेच नाव बिनदिक्कत दुसऱ्यांदा घेतलं. पूर्ण यादी खाली सरकवत पाहिली, तर ती मुलगी दोनदा दिसत होती. सर्चमध्ये नाही, यादीत आहे!

असं फक्त लिनक्सवरच होतं असंही नाही. ऑक्टोबर २०१७ मधल्या विंडोज अपडेटनंतर जुन्या एक्सेल फाइलींमधून डेटा आयात करणारे अनेक प्रोग्राम अचानक ‘एक्स्टर्नल डेटाबेस ड्रायव्हर’ची एरर देऊ लागले होते. फाइली ठणठणीत होत्या, बिघडला होता मधला दुवा. ज्यांनी नव्या ड्रायव्हरचा आधार घेतला, त्यांचं काम पुढे सरकलं.

आम्ही त्या रात्री काय केलं?

● नवीन नोंदी बंद केल्या. चुकीच्या इंडेक्सवर काम चालू ठेवलं की घोळ वाढत जातो.
● आहे त्या डेटाची एक प्रत वेगळी काढली. दुरुस्तीत हात चुकला तर मागे यायला वाट हवी.
● इंडेक्सला बगल देऊन पूर्ण टेबल तपासलं आणि दुहेरी नोंदी शोधल्या. कोणती ठेवायची हे पावत्या बघून हाताने ठरवलं.
● मगच ‘रीइंडेक्स’ कमांड दिली. दुहेरी नोंदी असताना तीही अडकते.
● पोस्टग्रेसच्या ‘एएमचेक’ने इंडेक्स तपासला आणि नंतरच डेटा हलवला.

पोस्टग्रेस १५ पासून असा क्रम बदलला असेल, तर डेटाबेसला जोडताना इशारा येतो. तो वाचा. प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात सिस्टीम अपडेट करायचीच असेल, तर आधी बॅकअप घ्या आणि नंतर टेक्स्टवरचे इंडेक्स पुन्हा बांधा.

रात्री एक वाजता डेटा नव्या मशीनवर चढला. सकाळी सातही जणांना शोधून पैसे परत केले. त्या मुलीने नोटा मोजल्या आणि म्हणाली, ‘मी सांगत होते ना दादा!’

सांगत होती. तिच्याकडे मेसेजही होता. मी मात्र तो उघडून बघितलासुद्धा नव्हता.