चेंडू कोणाकडे?

वसई तालुक्यातील राजोडी हे गाव अरबी समुद्राच्या काठी वसलेले आहे. ओहोटीच्या वेळी समुद्र मागे सरला, की सुरूच्या झाडांपुढे ओल्या वाळूचे मैदान मोकळे होते. अशा वाळूत चार काठ्या रोवल्या, की फुटबॉलचा खेळ सुरू होण्यास वेळ लागत नाही. नवशिक्या मुलांचा खेळ सर्वत्र सारखाच असतो. चेंडू जाईल तिकडे सारी मुले धावतात. ज्याच्या पायाशी चेंडू येतो, त्याला तो सोडवत नाही आणि बाकीचे “मला दे, मला दे!” असा एकच गलका करतात. खेळ संपल्यावर एखादा मुलगा हिरमुसला होऊन म्हणतो, “मला चेंडू मिळालाच नाही. मग मी खेळलो तरी कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशेबात सापडते. सामना ९० मिनिटांचा असतो. दोन्ही संघांचे मिळून २२ खेळाडू मैदानात असतात. चेंडू मात्र एकच. तो सर्वांना सारखा वाटून दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतील. म्हणजे उरलेली ८६ मिनिटे उत्तम खेळाडूलाही चेंडूवाचूनच खेळावे लागते. त्या वेळात तो काय करतो, यावर त्याच्या संघाचे यश बरेचसे अवलंबून असते.

मग चेंडू कोणाला द्यावा? पंगतीत वाढतात त्याप्रमाणे तो प्रत्येकाला सारखा देता येत नाही. मोठ्याने ओरडणाऱ्याला किंवा जिवलग मित्रालाही देऊन चालत नाही. जो मोकळा आहे आणि ज्याच्याकडे चेंडू गेल्याने संघ पुढे सरकेल, त्याला तो द्यावयाचा असतो. स्वतःच्या गोलाजवळ चेंडू हिरावला गेला तर संकट ओढवते. म्हणून तेथे जवळच्या, खात्रीच्या गड्याकडे तो सोपवतात. प्रतिपक्षाच्या गोलाजवळ मात्र थोडे धाडस करावे लागते.

आघाडीच्या फळीतील सर्वांत कुशल खेळाडूकडेच प्रत्येक वेळी चेंडू दिला, तर काय होईल? प्रतिपक्षाच्या ते ध्यानात येईल. त्याच्याभोवती दोघे-तिघे पहारा देतील आणि त्याचे कौशल्य वाया जाईल. म्हणून चेंडू कधी उजव्या कडेला, कधी डाव्या कडेला, तर कधी मध्यभागी खेळवावा लागतो. कडेचे खेळाडू दूर पसरले, की बचाव करणाऱ्यांनाही पसरावे लागते आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. त्या फटींतूनच गोलाची वाट निघते.

राजोडीपासून फार दूर नसलेल्या मुंबईने असा वाटा शोधणारा एक नामवंत खेळाडू देशाला दिला. त्यांचे नाव नेव्हिल डिसोझा. १९५६ साली मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्या चार गोलांपैकी तीन गोल एकट्या डिसोझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. परंतु चेंडू काही आपण होऊन त्यांच्यापर्यंत आला नव्हता. उजव्या कडेने वेगाने धावणारे पी. के. बॅनर्जी यांच्यासारखे सहकारी त्या संघात होते.

चेंडू न मिळणाऱ्या खेळाडूचे मोल दाखवणारा एक गोल जगप्रसिद्ध आहे. २१ जून १९७० रोजी मेक्सिको शहरात ब्राझील आणि इटली यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेत ब्राझीलच्या जाईरझिन्यो याने प्रत्येक सामन्यात गोल केला होता. त्याची नेहमीची जागा उजव्या कडेला. सामना संपत आला असता तो मुद्दाम डावीकडे गेला. त्याच्यावर पहारा ठेवणारा इटलीचा खेळाडूही त्याच्यामागून गेला आणि मैदानाची उजवी बाजू ओस पडली. डावीकडे चेंडू जाईरझिन्योला मिळाला. त्याने तो मध्यभागी उभ्या असलेल्या पेलेकडे दिला. पेले हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. त्याने स्वतः गोल करण्याचा मोह आवरला, क्षणभर थांबून चेंडू अलगद उजवीकडे सोडला. मागच्या फळीतून धावत आलेल्या कार्लोस आल्बेर्तो याने तो जोराने गोलात मारला. ब्राझील ४-१ असा विजयी झाला. गोल कार्लोस आल्बेर्तोच्या नावावर लागला; पण त्याची वाट जाईरझिन्योने मोकळी केली होती.

वाळूवरच्या खेळातही हेच घडते. एखादा मुलगा जिवाच्या आकांताने कडेने धावतो, दोन गडी त्याच्यामागे जातात आणि चेंडू जातो भलत्याकडेच. गोल होतो, तेव्हा सारे गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात. त्या वेळी कडेला धापा टाकत उभ्या असलेल्या मुलाकडेही ज्याचे लक्ष जाते, त्याला हा खेळ खऱ्या अर्थाने समजू लागला आहे.