खोकला रेंगाळतो तेव्हा

‘या डॉक्टरांचा काही गुण येईना गं!’ पावसाळा-हिवाळ्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ताप उतरतो, सर्दी ओसरते, पण छातीतला खोकला हटत नाही. मग पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची, नाहीतर डॉक्टरच बदलायचे.

आरोग्याच्या कामासाठी वस्तीत फिरताना मी बायकांना विचारते, ‘परत का गेलात?’ कुणी म्हणतं रात्रभर झोप नाही, कुणी म्हणतं कफ पिवळा झाला, कुणाच्या सासूबाईंना न्यूमोनियाची शंका. या सगळ्यांच्या मुळाशी असते भीती. कारण खोकला किती दिवस राहणार, हे पहिल्या भेटीत कुणी सांगितलेलं नसतं, आणि आपणही विचारलेलं नसतं.

२०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोकला सात ते नऊ दिवसांत जाईल, असं लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो सरासरी १८ दिवस टिकतो! ताप गेला तरी श्वासनलिकेची सूज हळूहळूच उतरते. असा खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. नुसता कफ पिवळा झाला म्हणून ते लागतंच असंही नाही. पण आपण ‘जास्त पॉवरची गोळी द्या’ म्हणून हटून बसतो. तोवर खोकला आपसूक कमी होतो आणि श्रेय गोळीला मिळतं.

म्हणून अंगावर काढायचं का? मुळीच नाही! धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, उतरलेला ताप पुन्हा चढला, बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या, तर तडक डॉक्टरांकडे जा. दमा, मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि वृद्धांनी तर वाटच पाहू नये. आणि खोकल्याला दोन आठवडे झाले, तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्याच. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

मैत्रिणींनो, नवरा खोकला की आपण त्याला दोनदा दवाखान्यात नेतो. स्वतःचा खोकला मात्र चुलीच्या धुरावर ढकलून मोकळ्या होतो. तो धूर छातीला बाधतोच, पण तपासणी टाळायला ते कारण नव्हे.

पुढच्या वेळी डॉक्टरांसमोरून उठण्याआधी दोनच प्रश्न विचारा : ‘हा खोकला किती दिवस राहील? आणि काय झालं तर मी लगेच परत येऊ?’