आजोबांचे मनगटी घड्याळ

घरातली जुनी पेटी उघडली की काय काय निघते! पिवळी पडलेली कागदपत्रे, मोडका चष्मा, पितळेची डबी. कधी कधी एक मनगटी घड्याळही निघते. पट्टा कुजलेला, काच धुरकट, काटे कुठल्या तरी वेळेला थांबलेले. कोणी म्हणते, "हे आजोबांचे." लगेच दुसरा म्हणतो, "बंद आहे ना? मग द्या भंगारवाल्याला!"

मंडळी, अशी घाई करू नका. बंद पडलेले घड्याळ म्हणजे मेलेले घड्याळ नव्हे. पुष्कळदा ते फक्त तेलावाचून अडलेले असते. पन्नास-साठ वर्षे जुने घड्याळही नीट साफ केले तर पुन्हा चालू लागते. पण ते कोणते आहे, हे ठाऊक नसताना त्याला हात लावला तर दोन प्रकारे नुकसान होते. एक तर आपणच ते बिघडवतो, नाही तर दुसरा कोणी आपल्याला फसवतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे: आधी ओळख, मग दुरुस्ती, आणि विक्रीचा विचार सर्वांत शेवटी.

घड्याळाच्या पोटात काय असते?

जुन्या चावीच्या घड्याळाला सेल लागत नाही. त्याच्या पोटात पोलादाची एक लांब, पातळ पट्टी गुंडाळलेली असते. तिला कमान म्हणतात. आपण चावी देतो तेव्हा ही कमान आवळली जाते. मग ती हळूहळू सैल होते, आणि सैल होता होता दातेरी चाके फिरवते. चाके काटे फिरवतात.

पण कमान एकदम सैल झाली तर? काटे गरगर फिरून मोकळे होतील. तसे होऊ नये म्हणून एक लहान चाक पहारा करते. ते सारखे मागे-पुढे डोलते. त्याला केसासारखी बारीक कमान जोडलेली असते. प्रत्येक डोलण्याबरोबर ते बाकीच्या चाकांना एकेक दाता पुढे सरकू देते. आपल्याला टिक-टिक ऐकू येते ती याचीच.

बहुतेक जुन्या घड्याळांत हे ठोके सेकंदाला ५ पडतात. म्हणजे तासाला १८,०००, आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार! इतके काम करणाऱ्या यंत्राची झीज होणारच. ती कमी व्हावी म्हणून चाकांच्या आसांखाली बारीक लाल खडे बसवतात. घड्याळावर '१७ ज्वेल' लिहिलेले असते, ते या खड्यांमुळे. हे खडे कारखान्यात तयार केलेले असतात. ते विकून कोणी श्रीमंत होत नाही. पण त्यांच्यामुळे घड्याळ दीर्घायुषी होते.

घड्याळाची जात कशी ओळखावी?

जुनी मनगटी घड्याळे मुख्यतः तीन जातींची असतात.

पहिले चावीचे. त्याला रोज चावी द्यावी लागते.

दुसरे ऑटोमॅटिक. त्याच्या पोटात अर्ध्या चकतीसारखे एक वजन असते. हात हलला की ते फिरते आणि कमान आपोआप आवळते. घड्याळ हळूच हलवले तर आत काही फिरल्यासारखे जाणवते.

तिसरे सेलवर चालणारे. त्याचा सेकंदकाटा बहुधा दर सेकंदाला एक उडी घेतो. चावीच्या घड्याळाचा काटा मात्र सरकत गेल्यासारखा दिसतो. सेलचे घड्याळ बंद पडून असेल, तर आतला सेल आधी काढून घ्यावा. जुना सेल पाझरतो आणि यंत्र खातो.

नाव वाचा

आता तबकडीवरचे नाव पाहा. मग पाठीच्या झाकणावरची अक्षरे आणि आकडे पाहा. इंग्रजी वाचता येत नसेल तर बिचकू नका. चित्र काढावे तशी ती अक्षरे वहीत हुबेहूब उतरवून घ्या. शाळेत जाणारे पोर ती वाचून देईल.

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडते ते एच. एम. टी. चे घड्याळ. ही सरकारी कंपनी. तिने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. तिथली पहिली घड्याळे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बाहेर पडली. या कंपनीच्या घड्याळांना जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन अशी नावे होती. 'जनता' हे साधे चावीचे, १७ ज्वेलचे घड्याळ. त्याच्या काही तबकड्यांवर तर नावही देवनागरीत आहे. 'पायलट' बहुधा काळ्या तबकडीचे. 'कांचन' ऑटोमॅटिक, वार आणि तारीख दाखवणारे. लग्नात जावयाला एच. एम. टी. देणे ही एके काळी मोठी गोष्ट होती. पुढे सेलची घड्याळे आली आणि ही मागे पडली. घड्याळांची ही कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ च्या जानेवारीत घेतला. तेव्हा या घड्याळांचे जुने भाग आता जपून वापरले पाहिजेत.

त्याहून जुनी घड्याळे बहुतेक स्वित्झर्लंडची. वेस्ट एंड, फावर-ल्युबा, रोमर, टिसो अशी नावे त्यांवर दिसतात. वेस्ट एंड कंपनीची दुकाने मुंबईत आणि कलकत्त्यात होती. तिच्या एका घड्याळाचे नावच 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार! घरातले कोणी पलटणीत, रेल्वेत किंवा मुंबईच्या गिरणीत असेल, तर असे घड्याळ घरात असण्याचा संभव जास्त.

तबकडीला भुलू नका

बाजारात जुनी घड्याळे नवी करून विकली जातात. झिजलेल्या घड्याळाची तबकडी निळी, तांबडी, हिरवी रंगवतात आणि तिच्यावर मोठे नाव छापतात. आत मात्र तीन घड्याळांचे भाग एकत्र कोंबलेले असतात. म्हणून घड्याळ घेताना, किंवा दुरुस्तीहून परत आल्यावर, पुढील गोष्टी पाहाव्यात.

तबकडी नवीकोरी आणि बाजूचे धातूचे घर मात्र झिजलेले, असे आहे काय? अक्षरे फाटलेली, तिरकी, जाडीभरडी आहेत काय? मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोचतो काय? तबकडीवरचे नाव आणि आतल्या यंत्रावरचे नाव जुळते काय? यातले काही चुकत असेल, तर घड्याळात काही तरी बदललेले आहे असे समजावे.

उलट, आजोबांच्या घड्याळाची तबकडी पिवळी पडली असेल, तिच्यावर डाग असतील, तर लाजू नका. ती पुन्हा रंगवून घेऊ नका. जुन्या वस्तूंची पारख असणारा मनुष्य मूळ डागाळलेल्या तबकडीला नव्या रंगापेक्षा जास्त मोल देतो. आजोबांनी पाहिली ती तबकडी तीच असते.

सोने आहे का?

घड्याळ पिवळे दिसले की सोन्याची आशा वाटते. पण पिवळे तेवढे सोने नव्हे. झाकणावर '२० मायक्रॉन' असे असेल, तर वर सोन्याचा फक्त पातळ थर आहे. २० मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग! घर खरोखर सोन्याचे असेल, तर झाकणाच्या आत बहुधा १८ कॅरट, १४ कॅरट, ७५० किंवा ५८५ अशी खूण असते. अशी खूण दिसली तर सोनाराकडून खात्री करून घ्यावी. दारावर आलेल्या माणसाला ते घड्याळ देऊ नये.

चमकणाऱ्या काट्यांपासून सावध

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ती नीट वाचा.

काही जुन्या घड्याळांचे काटे आणि आकडे अंधारात चमकत. साधारण १९६० च्या सुमारापर्यंत या रंगात रेडियम घालत असत. रेडियम हे घातक द्रव्य आहे. १९१७ नंतरच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत मुली तबकड्या रंगवत. ब्रशाला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरत. रंग पोटात गेला. कित्येकींचे जबडे सडले, कित्येक जणी मेल्या.

कोणी म्हणेल, "आमचे घड्याळ आता चमकत नाही." पण चमक गेली तरी रेडियम जात नाही. त्याचे बळ निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. चमक जाते ती रंगातले दुसरे द्रव्य खराब झाल्यामुळे. तेव्हा काट्यांवर किंवा आकड्यांवर तपकिरी, खरखरीत थर दिसला तर असे घड्याळ उघडू नका. थर खरवडू नका. त्याची धूळ नाकातोंडात जाणे हाच खरा धोका. ते मुलांच्या हातात देऊ नका, उशाशी ठेवू नका, रोज मनगटावर घालू नका. दुरुस्तीला दिले तर घड्याळजीलाही आधी सांगा.

तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड' या शब्दांच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' असे अक्षर असेल, तर त्यात रेडियम नसून ट्रिटियम नावाचे द्रव्य आहे. ते पुष्कळ सौम्य असते. तरी तोही थर खरवडू नये.

घड्याळजीकडे जाताना

वर्षानुवर्षे पडून असलेल्या घड्याळाला चावी पिळून ते चालवू नका. आतले तेल सुकून चिकट झालेले असते. तशात चाके फिरली तर धातूवर धातू घासतो. घरातले खोबरेल किंवा शिलाईच्या यंत्राचे तेल तर मुळीच घालू नका. रॉकेलमध्येही बुडवू नका. घड्याळाचे तेल वेगळे असते, आणि तेही सुईच्या टोकावर राहील एवढेच लागते.

घड्याळजी सगळे भाग सुटे करून, धुऊन, पुसून, तेल देऊन पुन्हा जोडतो. हे काम पाच मिनिटांचे नव्हे. चांगला कारागीर त्याला दिवस मागतो. त्याची मजुरी देताना कुरकुर करू नये. पण आपणही सावध असावे. घड्याळ देण्यापूर्वी त्याच्यासमोर झाकण उघडायला सांगावे आणि आतल्या यंत्राचा मोबाइलवर फोटो घ्यावा. पावतीवर घड्याळाचे नाव आणि झाकणावरचा आकडा लिहून घ्यावा. "बदललेला जुना भाग परत द्या," असे आधीच सांगावे. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. "घर घासून चकचकीत करू का?" असे त्याने विचारले, तर नको म्हणावे. घासल्याने कडा जातात आणि मागचे अक्षर पुसते.

रोजची निगा

घड्याळ चालू झाले, की त्याला रोज ठरल्या वेळी चावी द्यावी. सकाळची वेळ उत्तम. चावी देताना घड्याळ मनगटावरून काढावे. चावी घट्ट लागली की थांबावे, जोर करू नये. तारखेचे घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख बदलू नये. त्या वेळी आतली चाके स्वतःच तारीख ओढत असतात. मध्ये हात घातला तर दाते मोडतात.

पाणी हा घड्याळाचा वैरी. झाकणावर पाणी शिरत नाही असे लिहिले असले तरी आता विश्वास ठेवू नका. आतले रबर कधीच कडक झालेले असते. पाणी धरताना, पेरणी-मळणीला, विहिरीवर घड्याळ घरी ठेवावे. घामही वाईट. संध्याकाळी मऊ, कोरड्या फडक्याने ते पुसावे. काचेखाली वाफ दिसली तर चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका. त्याच दिवशी घड्याळजी गाठा.

लोहचुंबकही जपावा. रेडिओचा कर्णा किंवा चुंबक असलेले मोबाइलचे पाकीट जवळ असले, की आतली केसासारखी कमान चिकटते आणि घड्याळ धावत सुटते. ठेवायचे झाले तर डबीत कोरडे ठेवावे. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी पुडी येते, ती डबीत टाकावी. दर तीन ते पाच वर्षांनी घड्याळ साफ करून घ्यावे.

एक चिठ्ठी लिहा

आता शेवटचे काम. याला पैसा लागत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसांजवळ बसा. हे घड्याळ कोणाचे, कोणत्या साली घेतले, की कोणी दिले? ते घालून आजोबा कोणत्या कामाला जात? जे कळेल ते कागदावर लिहा. खाली तारीख घाला. ती चिठ्ठी घड्याळाच्या डबीत ठेवा. बाजारात घड्याळाची किंमत दोनशे येवो की दोन हजार, ही चिठ्ठी बाजारात मिळत नाही. ती लिहिणारे माणूस घरातलेच लागते.

तुम्हाला आता लिहिता येते. तेव्हा हे काम उद्यावर टाकू नका. आज ज्यांना आठवते आहे, त्यांना आजच विचारून घ्या.